ठिणगी दोन अंश मागे

सुरुवातीलाच एक वस्तू तुमच्यात फिरवायला देतोय. ॲल्युमिनियमचा पिस्टन आहे, साध्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीतला. वरच्या तोंडावर, कडेजवळ, करंगळी जाईल एवढं भोक दिसेल. ते ड्रिलनं पाडलेलं नाही, वितळून पडलंय. बोट फिरवून बघा, कडा मेणासारख्या गोल झाल्यात. हे व्हायला आमच्या अंदाजानं पाच-सहा सेकंद लागले असतील. गाडी आमच्याच मित्रमंडळातली, आणि चूकही आमचीच. ती सांगणारच आहोत, पण तिच्यापर्यंत पोचायला आधी शंभरेक वर्षं मागे जावं लागेल.

काही जणांनी विचारलं, हा विषय तिकोणा पेठेत कशाला? इथे गडाचा इतिहास सांगा, पवना धरणाचा सांगा. बरोबर आहे. पण आपण बसलोय त्याच्या उत्तरेला बोरघाटाकडे जाणारा मुंबई-पुणे रस्ता आहे, आणि डोंगरांपलीकडे कोरीगडाच्या पायथ्याला अँबी व्हॅलीची धावपट्टी. मोटारीच्या ठिणगीचा इतिहास या दोन ठिकाणांच्या मधे चांगला सांगता येतो. घाटात ठिणगी मागे घ्यायला लागली ती मजबुरीनं, आणि धावपट्टीवर मागे घ्यायला लागते ती हावेपोटी. तेवढाच आजचा विषय.

आधी टायमिंग म्हणजे काय ते पाहू. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं सांभाळून घ्या. पेट्रोल इंजिनात पिस्टन हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबत वर जातो. अगदी वर पोचला की मिस्त्री म्हणतात, 'टॉपवर आला'. पुष्कळांना वाटतं की ठिणगी टॉपवर पडते. तसं नाही. मिश्रण पेटायला वेळ लागतो. ठिणगी पडल्यापासून ज्वाळा सिलिंडरभर पसरून दाब वाढेपर्यंत साधारण दोन-तीन हजारांश सेकंद जातात. तेवढ्यात क्रँक थांबलेला नसतो. ३००० आरपीएमला तो सेकंदाच्या हजाराव्या भागात १८ अंश फिरतो. दाब सगळ्यात जास्त हवा तो टॉप ओलांडल्यावर १४-१५ अंशांच्या आसपास, कारण त्या कोनात कनेक्टिंग रॉड क्रँकला नीट ढकलू शकतो. म्हणून ठिणगी टॉपच्या आधीच टाकावी लागते. किती आधी, ते म्हणजे टायमिंग. लवकर टाकली तर 'ॲडव्हान्स', उशिरा टाकली तर 'रिटार्ड'. आपले मिस्त्री म्हणतात, 'टायमिंग पुढे काढलं', 'टायमिंग मागे घेतलं'. आम्हाला हेच शब्द आवडतात.

आणि हे फक्त मोटारीचं नाही बरं का. तुमच्या शेतावर डिझेल इंजिन असेल, किर्लोस्करांचं, खडकीला १९४६ साली सुरू झालेल्या कारखान्यातलं, तर त्यात ठिणगी नसते. पण पंप डिझेल कधी फवारतो हा प्रश्न तोच. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर १९४५पासून नौदलाचे इंजिनियर शिकतायत, त्यांनाही हा चुकलेला नाही. इंधन केव्हा पेटवायचं? बस, एवढंच.

आता घाटाकडे या. बोरघाटातून गाडीरस्ता झाला १८३०मध्ये, तेव्हा बैलगाड्या आणि टांगे. मुंबईत मोटारी दिसू लागल्या १८९८च्या सुमारास. त्या काळच्या मोटारीत ठिणगी चालकाच्या हातात होती, अक्षरशः हातात. फोर्डच्या मॉडेल टीचं स्टिअरिंग कुठल्या संग्रहालयात पाहिलं असेल तर त्याखाली दोन दांड्या असतात. उजवी थ्रॉटलची, डावी ठिणगीची. गाडी सुरू करताना डावी दांडी मागे, म्हणजे ठिणगी उशिरा. का? तर समोर उभं राहून हँडल मारायचं असे. ठिणगी लवकर पडली की पिस्टन टॉपला पोचायच्या आधीच स्फोट होऊन इंजिन उलटं फिरे आणि हँडलचा फटका मनगटात. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट फ्रॅक्चरला डॉक्टर लोक अजूनही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. ड्रायव्हरचं हाड. टायमिंग चुकल्याची पहिली किंमत गाडीनं नाही, माणसानं मोजलेली आहे.

गाडी चालू झाली, सपाटीला वेग घेतला की दांडी पुढे. आणि चढ लागला की परत थोडी मागे. खोपोलीहून वर निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणा. इंजिन हळू फिरतंय, बोजा मोठा, थ्रॉटल पूर्ण उघडं. अशा वेळी ठिणगी लवकर असेल तर इंजिनातून टणटण आवाज यायला लागतो. ते नॉकिंग. मिश्रणाचा शेवटचा भाग ज्वाळा पोचायच्या आधी दाबानं आपोआप फुटतो, त्याचा आवाज. मग दांडी मागे घ्यायची. पण फार मागे घेतली की ताकद जाते, जळणं लांबतं, उष्णता एक्झॉस्टमधून आणि पाण्यातून बाहेर पडायला बघते, आणि रेडिएटर उकळतो. म्हणजे एकीकडे टणटण, दुसरीकडे वाफ, आणि या दोन्हींच्या मधून गाडी खंडाळ्यापर्यंत न्यायची. हे सगळं कानावर. चालकाला तेव्हा मान होता तो काही फक्त गणवेशाचा नव्हता.

पुढची गोष्ट अमेरिकेतली, पण तिचं नाव आपल्या गॅरेजांत रुळलेलं आहे. चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनियरनं बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांच्यावर चालणारं इग्निशन कॅडिलॅकसाठी तयार केलं. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये त्याचाच सेल्फ स्टार्टर आला, हँडल सुटलं. त्याच्या कंपनीचं लांबलचक नाव आखडून झालं 'डेल्को'. आणि आपल्याकडे? फियाटच्या बॉनेटखालच्या डिस्ट्रिब्युटरला मिस्त्री काय म्हणतो? 'डेल्को काढ रे.' पाना हातात घेतलेल्या पोराला माहीतही नसतं की तो ओहायोतल्या एका कंपनीचं नाव घेतोय. (हशा.)

डिस्ट्रिब्युटरनं काय केलं, तर चालकाची दांडी काढून आपल्या पोटात घेतली. आत दोन छोटी वजनं असतात. इंजिन जोरात फिरलं की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकते. बाजूला व्हॅक्युमचा डबा, तो बोजा कमी-जास्त झाला की थोडं पुढे-मागे करतो. चालकाला करायला काही उरलं नाही. पण मूळ टायमिंग, म्हणजे डिस्ट्रिब्युटर कुठल्या कोनात बसवायचा, ते कोणीतरी ठरवायलाच हवं. ते काम आलं मिस्त्रीकडे.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्यात कारखाना. तिथली फियाट ११००, जी पुढे पद्मिनी झाली, १०८९ सीसीची, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. हिचं टायमिंग लावताना ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल. पुलीवरची खूण जुळवायची, टेस्ट लॅम्पची एक वायर पॉइंटला, डिस्ट्रिब्युटर हातानं हळूच फिरवायचा, दिवा पेटला की नट आवळायचा. पॉइंटचं अंतर मोजायला फीलर गेज नसेल तर हॅक्सॉचं पातं. मग एक चक्कर. चढावर चौथ्या गिअरात पाय पूर्ण दाबायचा, टणटण अगदी पुसट ऐकू आली आणि वेग घेताच गेली, तर टायमिंग बरोबर. जास्त वाजलं तर उतरून डिस्ट्रिब्युटर केसभर मागे. 'केसभर' हे त्यांचं माप होतं, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

यात पेट्रोलचाही वाटा होता. नव्वदीच्या दशकात पंपावर मुख्यतः ८७ ऑक्टेनचं पेट्रोल, आणि थोडं महाग ९३चं. ऑक्टेन कमी म्हणजे नॉकिंग लवकर. त्यात भेसळ झालेलं पेट्रोल आलं की विचारूच नका. म्हणून आपल्या मिस्त्र्यांना कंपनीच्या पुस्तकातल्या अंशांपेक्षा परवाच्या टाकीत काय भरलं हे जास्त महत्त्वाचं वाटायचं. आमचं स्पष्ट मत आहे की पुणे जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासात आकुर्डी-चाकणच्या कारखान्यांना जेवढी पानं मिळतात, त्यातली दोन-चार तरी या कानांना द्यायला हवीत.

कारखान्यांचीही गंमत ऐका. आकुर्डीच्या बजाजनं २००३मध्ये पल्सरला डीटीएस-आय इंजिन दिलं. एका सिलिंडरला दोन प्लग, आणि ठिणगी कधी टाकायची ते ठरवणारी एक छोटी चिप. मोटारींमध्ये तोवर एमपीएफआय आलंच होतं. २०००नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा डिस्ट्रिब्युटर नाहीसा झाला. आता ईसीयूमध्ये एक तक्ता असतो. एवढा आरपीएम, एवढा बोजा, तर एवढे अंश. इंजिनच्या ब्लॉकला एक नॉक सेन्सर चिकटवलेला. तोच मिस्त्रीचा कान, फक्त तो चहा पीत नाही. टणटण ऐकली की स्वतःच ठिणगी मागे घेतो. चालकाच्या हातातून मिस्त्रीच्या हातात, तिथून चिपमध्ये. इतिहास इथे संपायला हरकत नव्हती.

तो संपला नाही, कारण बाटली आली.

नायट्रस ऑक्साइड. १७७२मध्ये जोसेफ प्रिस्टलीनं हा वायू शोधला, १८००च्या सुमाराला हम्फ्री डेव्हीनं स्वतः हुंगून तो किती हसवतो ते लिहून ठेवलं. पुढे दंतवैद्यांनी आणि भूलतज्ज्ञांनी तो उचलला. इंजिनाशी त्याचा संबंध असा, की वजनानं पाहिलं तर त्यात ३६ टक्के ऑक्सिजन आहे, साध्या हवेत २३. सिलिंडरच्या उष्णतेत हा वायू फुटतो आणि तो ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय द्रवरूपातून बाहेर पडताना तो प्रचंड थंड होतो, उणे ८८ अंशांना उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवाही गार आणि दाट. जादा ऑक्सिजन, त्याच्या जोडीला जादा पेट्रोल, म्हणजे जादा ताकद. स्वतः नायट्रस जळत नाही, हे लक्षात ठेवा. सिनेमामुळे लोकांना तसं वाटतं.

याचा गंभीर वापर आधी विमानात झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाची 'जीएम-१' नावाची यंत्रणा होती, उंचावर इंजिनात नायट्रस सोडायची. इंग्रजांनीही १९४४मध्ये रात्री लढणाऱ्या काही मॉस्किटो विमानांना ती सोय केली. का, तर आठ-नऊ हजार मीटरवर हवाच विरळ. इंजिन धापा टाकतं. बाटलीतून ऑक्सिजन दिला की त्याला श्वास मिळतो. इथे थोडं थांबा, कारण पुढचा सगळा घोळ या फरकातून आलाय. विमानात नायट्रस रिकामी जागा भरत होता. जमिनीवरच्या मोटारीत सिलिंडर आधीच भरलेला असतो, आणि आपण वरून आणखी कोंबतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटर. इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ, म्हणून साध्या इंजिनाला इथे नॉकिंगचा त्रास किंचित कमी. पण बाटलीला उंचीशी देणंघेणं नाही. ती मुंबईत देते तेवढाच ऑक्सिजन कोरीगडाखाली देते.

युद्ध संपलं आणि विमानांच्या धावपट्ट्या शर्यतवाल्यांना मिळाल्या, जगभर. मद्रासजवळचं शोलावरम ही युद्धकाळातलीच धावपट्टी, तिथे कित्येक दशकं शर्यती झाल्या. विमानातली बाटलीही हळूहळू मोटारीत आली. सत्तरीच्या दशकात अमेरिकेत तिचे किट दुकानात मिळू लागले. २००१मध्ये 'द फास्ट अँड द फ्युरियस' आला आणि आपल्याकडच्या पोरांनाही कळलं की स्टिअरिंगवर लाल बटण असतं. २०१०नंतर अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावानं ड्रॅग शर्यती भरायला लागल्या. सरळ पट्टी, पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, दोन गाड्या शेजारी. मुंबई-पुण्याहून गाड्या येत, आणि आपल्या मावळातली पोरं बघायला जात. आम्हीही गेलो. बघून आल्यावर जे होतं तेच झालं.

आता टायमिंग. शंभर वर्षं शर्यतवाल्याचा हात एकाच दिशेला गेलाय, 'टायमिंग पुढे काढ, गाडी पळेल'. नायट्रसला ते उलटं लागतं. ऑक्सिजन दाट झाला की मिश्रण लवकर जळतं, ज्वाळा झपाट्यानं पसरते. म्हणजे ठिणगी जुन्याच जागी ठेवली तर दाबाचं शिखर १५ अंशांवर न येता टॉपच्या जवळ येतं, पिस्टन अजून नीट खाली निघालाही नाही तेव्हा. ताकद क्रँक फिरवण्याऐवजी पिस्टन चिरडण्यात जाते. म्हणून ठिणगी मागे. जगभर जो ढोबळ हिशेब चालतो तो असा, की नायट्रसनं वाढवलेल्या दर ५० अश्वशक्तीमागे साधारण दोन अंश मागे. पूर्ण थ्रॉटलला ३० अंश चालत असतील तर ५०च्या जेटला २८, १००च्या जेटला २६. हा हिशेब सुरुवात करण्यापुरता. प्रत्येक इंजिनाची दहनकक्षाची घडण वेगळी, जुन्या संथ जळणाऱ्या इंजिनाला जास्त मागे घ्यावं लागेल, नव्याला कमी.

दोन अंश म्हणजे किती, हे ऐका. ६००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ३६,००० अंश फिरतो. दोन अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. तो पिस्टन कुठवर आला? हां, तुमच्या हातात आहे. ते भोक या अठरा हजाराव्या भागाचं आहे.

झालं असं. किट ५० अश्वशक्तीचं, पेट्रोलचा जेट बरोबर, प्लग एक नंबर थंड बसवलेले. सगळं वाचून केलेलं. टायमिंगचा प्रश्न निघाला तेव्हा आमच्यात बोलणं झालं, 'अरे, नॉक सेन्सर आहे ना, ईसीयू बघून घेईल.' आणि तिथेच माती खाल्ली. ईसीयू आत जाणारी हवा मोजतो, तिच्यावरून तक्ता वाचतो. नायट्रसबरोबर आलेला ऑक्सिजन त्याला दिसतच नाही. त्याच्या हिशेबी इंजिन नेहमीचंच चाललंय, मग तो नेहमीचेच अंश देणार. नॉक सेन्सर ऐकतो, पण टणटण झाल्यावर ऐकतो, आणि त्याची माघार ठरावीक अंशांपुरती. त्या दिवशी ती पुरली नाही. एका खाजगी जागेतल्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरात बटण दाबलं, गाडी खरंच उसळली, आणि मग इंजिनचा सूर बदलला. आरशात निळा धूर. घरी टो करून आणली.

पिस्टन वितळला कसा? ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनच्या मिश्रधातू त्याहून आधीच मऊ पडतात. आतली ज्वाळा दोन हजारांच्या पुढे. मग पिस्टन रोजच का वितळत नाही? त्याच्या तोंडाशी वायूचा एक पातळ, त्या मानानं थंड थर चिकटून असतो, तो सांभाळतो. नॉकिंगच्या धक्क्यांनी तो थर उडतो आणि ज्वाळा धातूला भिडते. बाकीच्या तीन सिलिंडरांचे प्लग काढले तर पांढऱ्या चिनी मातीवर बारीक रुपेरी-काळे ठिपके. ती ॲल्युमिनियमची धूळ. तीन पिस्टन वाटेवर होते, चौथा पोचला होता.

कामशेतच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना तो पिस्टन दाखवला. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांनी आयुष्यात नायट्रसची बाटली पाहिलेली नव्हती. त्यांनी भोक पाहिलं, प्लग पाहिले आणि विचारलं, 'टायमिंग मागे का नाही घेतलंत?' आम्ही ईसीयूचं सांगायला लागलो. ते म्हणाले, 'त्याला कोणी सांगितलं होतं का, की बोजा वाढलाय?'

आम्हाला त्या दिवशी ठिणगीचा सगळा इतिहास उलटा वाचायला मिळाला. चिपनं मिस्त्रीच्या हातून घेतलेलं काम बाटली लावली की परत माणसाच्या हातात येतं. मग दुसऱ्या वेळी ते असं केलं. नायट्रस चालू असतानाच ठिणगी मागे घेणारा वेगळा बॉक्स, आणि सुरुवात दोन अंशांवर नाही, चारवर. पूर्ण थ्रॉटलशिवाय सोलेनॉइड उघडणारच नाही अशी जोडणी. टायमिंग लाइटनं पुलीवर खात्री, कारण कॉम्प्युटरचा आकडा आणि पुलीवरची खूण यांत फरक निघू शकतो. एक धाव, प्लग काढून भिंगाखाली. ठिपके नाहीत, मग एक अंश पुढे. पुन्हा धाव. पट्टीच्या शेवटी वेग वाढला का? नाही वाढला तर तो अंश परत मागे, फुकटची जोखीम कशाला. असं करत आम्ही अडीच अंशांवर थांबलो. म्हाताऱ्यांच्या भाषेत, केसभर.

हे सगळं बंद जागेतलं, हे निक्षून सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नं गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करायला बंदी आहे, आणि कलम १८९नं रस्त्यावरच्या शर्यतीला. पवनानगरच्या रस्त्यावर शनिवारी रात्री काय चालतं ते आपण सगळे ऐकतो. त्या वळणांवर दूधवाले पहाटे सायकलवरून निघतात. टायमिंगचं गणित त्यांच्यासाठी सोडवता येत नाही.

मागून एक प्रश्न आलाय, बाटली उन्हात ठेवली तर काय? चांगला प्रश्न आहे, आणि मावळातल्या एप्रिलसाठी फारच योग्य. नायट्रस ३६.४ अंशांच्या वर द्रव म्हणून राहूच शकत नाही. बंद डिकीत तेवढी उष्णता दुपारी बाराला होते. दाब सत्तर बारच्या वर जातो, त्याच जेटमधून जास्त नायट्रस सुटतो, पण पेट्रोल तेवढंच राहतं. मिश्रण कोरडं पडतं. मग तुम्ही सकाळी गारव्यात लावलेले अंश दुपारी चुकीचे ठरतात. म्हणून बाटलीवर दाबाचा काटा हवा, सुरक्षा झडप हवी, आणि डिकीत ओलं गोणपाट. हो, गोणपाटच. आम्ही तेच वापरतो.

पिस्टन इकडे पाठवा आता. बाकीचे प्रश्न चहाबरोबर घेऊ.